तुत्मक, म्हणजे धरणे

मोरपिसं. शिंगांना लावलेला तांबडा रंग, अजून ओला.

तुर्की लोक आपल्यासारखेच उपास 'धरतात'.

आबांचं घोंगडं गोठ्यातल्या खुंटीवर असतं. उन्हाळ्यातसुद्धा.

अनेकांतच्या घरी दिवस मावळला की कुणी काही खात-पीत नाही.

सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलचा आवाज आला की आमची म्हैस त्या आवाजाकडं धावते. मी उलटीकडं.

कोर्कमा. तुर्कीत याचा अर्थ, भिऊ नकोस.

*

दिवाळीचा पाडवा कोल्हापुरात म्हशींचा असतो. शिंगं रंगवतात, मोरपिसांचा तुरा बांधतात, पायात चांदीचे तोडे घालतात. मालक मोटारसायकलवरून पुढं जातो आणि म्हैस त्या गाडीच्या आवाजामागं पळत जाते. तिला ओढावं लागत नाही.

माझा भाऊ, अमरदादा, गाडीवर पुढं. मागं आमची चंद्री. तिच्या गळ्यातल्या दोराचं टोक नावापुरतं माझ्या हातात, आणि मी घामाघूम.

चौकात गर्दी दाटली. कुणाचा तरी धक्का लागला, दोर हातातून निसटला... आणि चंद्री थांबली. रस्त्याच्या मधोमध, एका माणसापुढं.

चष्मा, पांढरा शर्ट, हातात फरसाणाची पिशवी. तो इतका भ्याला होता की पळायचंही विसरला होता.

तेवढ्यात शेजारी फटाक्यांची माळ लागली. आता ही बिथरणार, या गर्दीत बिथरणार.

"ओ पावणं! दोर धरा की!"

त्यानं धरला. दोन्ही हातांनी, डोळे गच्च मिटून. पिशवी खाली पडली आणि चंद्रीनं फरसाण हुंगलं. माळ संपली. पुढं कुठंतरी अमरदादा गाडीला लाथा मारत शिव्या घालत होता.

"डोळे उघडा," मी म्हणाले.

"गेली का?"

"न्हाय. तुमच्या चपलेवर उभी हाय."

त्यानं एक डोळा उघडला. आधी म्हशीकडं, मग माझ्याकडं. मग दुसराही उघडला.

"ही माझ्यापुढंच का थांबली?"

"भ्यालेला माणूस म्हशीला लांबनं कळतो."

"मग तुम्हाला?"

"मला जवळनं कळतो."

तो हसला. दोरावरची मूठ मात्र सुटत नव्हती. दोर त्यानं मला परत दिला तेव्हा माझ्याही हातातून तो एकदा निसटला, पण मी पळून दमले होते, म्हणून असेल.

संध्याकाळी कट्ट्यावर आबांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. आमचे आबा, हंबीरराव, रोज कट्ट्यावर म्हशी बांधतात. लोक येतात, समोर धार काढून घेतात, फेसासकट ग्लास तोंडाला लावतात. "चंद्री उगंच कुणापुढं थांबत न्हाय," आबा म्हणाले. "तिनं कायतरी बघितलं असंल त्या पोरात."

दुसऱ्या दिवसापर्यंत पोराची उंची हातभर वाढली होती आणि आबांच्या गोष्टीत चंद्रीनं त्याला मान लववून नमस्कार केला होता.

*

शाहूपुरीत भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. तिथं आम्ही तुर्की मालिकांना मराठी सबटायटल देतो. तुर्की मी लॉकडाऊनमध्ये शिकले. आधी मालिका बघून, मग ऑनलाइन क्लास लावून. कंपनीकडून संवाद येतात ते इंग्रजीत. कानाला तुर्की, डोळ्याला इंग्रजी, बोटाला मराठी. मध्ये काही सांडू नये म्हणून एकेका इंग्रजी क्रियापदाची नोंद आम्ही तयार करतो: अर्थ किती, मूळ कुठलं, तुर्कीत कुठं कुठला शब्द येतो.

दिवाळीनंतर साहेबांनी इंग्रजीसाठी नवा माणूस घेतला. दार ढकलून तो आत आला. चष्मा, पांढरा शर्ट. पायात नवीन चपला.

"अनेकांत पाटील. उचगावचा," तो म्हणाला. मग हळूच, "म्हैस बरी आहे?"

आमच्या दोघांच्या वाट्याला आलेलं पहिलं क्रियापद: होल्ड.

*

होल्ड. अर्थ पहिला: हातात पकडणे. तुर्की: तुत्मक. 'एलिमी तुत', माझा हात धर.

"उदाहरण बदला," मी म्हणाले.

"का?"

"साहेब वाचतात."

"साहेबांचा हात नाही, नुसता 'माझा हात' लिहिलंय."

अर्थ दुसरा: श्वास रोखणे. 'नेफेसिनी तुत'. तुर्कीत इथंही तुत्मकच.

अर्थ तिसरा: फोनवर थांबवून ठेवणे. इथं तुत्मक चालत नाही. 'बेक्ले' म्हणतात. थांब, वाट बघ.

"पण ताकिम तुत्मक म्हणजे फुटबॉलची एखादी टीम आपली मानणं," मी सांगितलं. "टीम धरणं."

"म्हणजे पेठेतल्या फुटबॉलवेड्या पोरांना एका शब्दात तुर्की येईल. तुम्ही कुठली टीम धरता?"

"ते मी उचगावच्या माणसाला सांगत नसते. भांडणं होतात."

"मी कुठलीच धरलेली नाही अजून. तुमची सांगा... तीच धरतो."

मी स्क्रीनकडं बघत राहिले. अक्षरं दिसत नव्हती.

मग त्यानं मूळ शोधलं. एका दुपारी तो खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आला, डोळे लकाकत होते. "हे बघा. फार जुन्या काळी या शब्दाचा पकडण्याशी संबंधच नव्हता म्हणतात. गुरं राखणं. नजर ठेवणं, सांभाळणं. आधी गुरं सांभाळली, मग हळूहळू मूठ आवळली."

"मग आमचे आबा जुन्यातलं जुनं इंग्रजी बोलतात."

"आणि मी पाडव्याला नवीन बोललो. दोन्ही हातांनी."

मी हसले. आणि तेव्हाच खाली रस्त्यावर — फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌.

मी टेबलाखाली होते. कधी गेले, कळलं नाही.

*

अमरदादा पाडवा झाला तरी सायलेन्सर परत बसवत नाही. त्याला आवडतं, सगळ्या शाहूपुरीला कळतं तो आलाय ते. माझ्या मैत्रिणीच्या मागं लागलेल्या एका पोराची गाडी त्यानं पंचगंगेत ढकलून दिली होती. पोरगा नशिबानं गाडीवर नव्हता. "पुढच्या बारीला गाडीवर असंल," एवढंच दादा म्हणाला होता, आणि भाकरीचा तुकडा मोडला होता.

आणि आता मी कुणाच्या तरी शेजारी हसत होते. खिडकी उघडी होती.

टेबलाखाली अंधार, वायरींचं जाळं, माझ्याच छातीचा आवाज. मग चष्म्याची एक काच खाली आली. मग तो सगळाच.

"इथं काय करताय?" मी कुजबुजले.

"घाबरतोय. पण कशाला ते माहीत नाही. सांगितलंत तर नीट घाबरता येईल."

"माझा भाऊ."

"मोठा?"

"लय मोठा."

"बरं," असं म्हणून तो खरंच घाबरला. माझ्यासाठी सोंग करत नव्हता. त्याच्या कानशिलावर घाम आला. गाडीचा आवाज लांब गेला तरी आम्ही उठलो नाही. त्याचा हात जमिनीवर होता. माझाही. मध्ये एक वायर.

"प्रियदर्शनी..."

"बोलू नका. नेफेसिनी तुत."

त्यानं श्वास रोखला. मीही.

*

त्या आठवड्यात एका प्रसंगावर अडलो. नायिका बोटीच्या कठड्याला रेलून काहीतरी म्हणते, आणि इंग्रजीत नुसतं 'होल्ड मी' लिहिलंय. तुर्कीत मिठीत घे म्हणायचं तर 'सारिल बना'. पडतेय, सावर म्हणायचं तर 'बेनी तुत'. मी आवाज पुन्हा ऐकला. ती 'बेनी तुत' म्हणत होती.

"म्हणजे तिला प्रेम नकोय, आधार पाहिजे," अनेकांत म्हणाला.

"पडणाऱ्या माणसाला दोन्ही सारखंच की."

"तुम्ही तिच्या जागी असता तर काय म्हणाला असता?"

"काय न्हाय. आधी मागं वळून दादाची गाडी न्हाय ना ते बघितलं असतं."

तो हसला नाही. "मी उद्या तुमच्या घरी येतो. आबांशी बोलतो."

"येड लागलंय? तुम्ही जैन, आम्ही मराठा. तुमची गाडी..."

"मी बसनं येतो. बस नाही ढकलता येणार पंचगंगेत."

"आणि तुमच्या आईला काय सांगाल?"

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. त्याच्या आई, अंजनाकाकू, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात मी कुठं उभी राहीन, हे मला दिसत नव्हतं. त्यालाही दिसत नसावं.

"बेक्ले," मी म्हणाले. थांब.

किती थांबायचं, ते नोंदीत लिहिलेलं नसतं.

*

संक्रांत झाली. गावात गुळाचा वास भरला. आणि एका सकाळी आबा चहा पिता पिता म्हणाले, "रविवारी राधानगरीचं पावणं येणार हायेत तुला बघायला. पोरगा इंजिनियर हाय. घरात बारा जनावरं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कपात बघत राहिले. 

गुरुवारी आबा गोठ्यात शेणावरनं घसरले. उजवा हात प्लास्टरमध्ये. चंद्री फक्त आबांच्या हाताला दूध देते. मी बसले, तिनं पान्हा चोरला. दादा बसला, तिनं लाथ घातली. दोन दिवस ती कास भरून हंबरत होती आणि एक थेंब सोडत नव्हती. आबा तिच्या कपाळावर डावा हात ठेवून उभे राहायचे.

"माझं घोंगडं पांघरून बस म्हणतोय तुला," ते दादाला म्हणाले. "वासानं देईल. माझा बा माझ्या आयचं लुगडं नेसून धार काढायचा."

"मी सोंग करणार न्हाय," दादा म्हणाला. "गल्ली हसंल."

मला चंद्रीचं हंबरणं ऐकवत नव्हतं. आतून भरून आलंय आणि भीतीनं सोडता येत नाही... मला ते नीट कळत होतं.

शनिवारी दुपारी दादा आबांना डॉक्टरकडं घेऊन गेला. मी अनेकांतला फोन केला. शेवटचं भेटायचं होतं. तेवढंच सांगायचं होतं, उद्या पाहुणे येणार आहेत.

*

गोठा रस्त्याला लागून. समोरच्या पायरीवर चिमणाबाई नुकत्याच येऊन बसलेल्या. त्यांच्या नजरेतून कुत्रंसुद्धा सुटत नाही. अनेकांत आडबाजूनं, बोळातनं आला. म्हशी बघून त्याचा चेहरा उतरला. पाय मात्र मागं गेले नाहीत.

"उद्या..." मी सुरुवात केली.

"कोन हाय गं आत?" चिमणाबाईंनी मान उंचावली.

मी झेपावले. खुंटीवरचं घोंगडं ओढलं आणि त्याच्या डोक्यावरून टाकलं. "खाली बसा! पाठ करून!"

तो चंद्रीशेजारीच उकिडवा बसला. दुसरी जागाच नव्हती.

"हंबीरराव व्हय? हात बरा झाला का वो?"

घोंगड्यातून खोकला आला. चांगला खोकला होता, आबांच्यासारखाच खरखरीत. चिमणाबाईंनी समाधानानं तंबाखू मळायला घेतली.

आणि मग कळलं, गोठा शांत झालाय.

चंद्री हंबरत नव्हती. तिनं मान वळवली, घोंगडं हुंगलं, लांब श्वास सोडला. घोंगड्याच्या आत तो पुटपुटत होता, एकाच सुरात, थांबतच नव्हता. "कोर्कमा... कोर्कमा... कोर्कमा..."

"कुणाला सांगताय?"

"मला. तिला पाहिजे तर तिनंही घ्यावं."

सडातून एक थेंब टपकला. मग दुसरा.

मी चरवी घेतली, त्याच्या गुडघ्यांत अडकवली. "मुठीत धर. असं न्हाय, हलकं." मी त्याला 'तू' म्हणाले हे मला नंतर कळलं. त्याला जमेना. मी मागं बसले, त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याच्या बोटांवरून धार काढली. चरवीच्या तळाला टण्ण आवाज झाला. मग आवाज मऊ होत गेला, फेस वर येत गेला. घोंगड्याला आबांचा वास होता, त्याच्या मानेला साबणाचा. आमच्या दोघांच्या बोटांवरून कोमट दूध ओघळत होतं.

"उद्या मला बघायला पाहुणे येणारेत," मी त्याच्या पाठीला सांगितलं. समोरून सांगता आलं नसतं.

त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"मी ऑफिसात त्या नोंदीत एक अर्थ लिहून ठेवलाय," तो म्हणाला, "तू खोडशील म्हणून दाखवला नाही. राखणं. जन्मभर. गुरं नसली तरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि रस्त्यावर —

फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌.

"पळ," मी म्हणाले. "मागनं बोळ हाय. पळ!"

"मी उठलो तर ही लाथ मारेल. चरवी सांडेल."

"मरू दे चरवी!"

"तिनं दोन दिवसांनी सोडलंय, प्रियदर्शनी." त्याचा आवाज कापत होता, दात वाजत होते, आणि तो बसून राहिला. "आता मध्येच कसं उठायचं?"

आवाज वाढला. दारापर्यंत आला. या आवाजाला चंद्री दोर तोडून धावते. आज तिनं फक्त कान हलवला. ती जागची हलली नाही.

मीसुद्धा.

*

गाडी बंद झाली. दारात आबा, गळ्यात अडकवलेला हात. मागं अमरदादा.

आबा स्वतःकडंच बघत असल्यासारखे बघत राहिले. त्यांचंच घोंगडं, त्यांचीच म्हैस, त्यांचीच बसायची जागा. मग घोंगड्यातून चष्मा वर आला.

"कोन रं तू?"

"अनेकांत पाटील."

"पाटील?" आबांचा चेहरा जरा सैल झाला. "कुठलं पाटील?"

"उचगावचे."

"मंजे आपल्यातलंच की."

खोटं बोल, मी मनात म्हणाले. हो म्हण. आजच्यापुरतं तरी.

"नाही आबा. जैन."

दादा एक पाऊल पुढं आला. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती, ती त्यानं मुठीत घेतली. मला पंचगंगेचं पाणी दिसायला लागलं. आणि इतके दिवस आत धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं.

"आबा, उद्या मी पावण्यांपुढं येणार न्हाय. मला हाच पाहिजे. दादानं काय करायचं ते करू दे. मी आज टेबलाखाली जाणार न्हाय."

"कसल्या टेबलाखाली?" आबांनी विचारलं.

 चरवीतल्या फेसाचे बुडबुडे फुटत होते, तेवढाच आवाज. आबा वाकले, चरवीत बघितलं. काठोकाठ. मग चंद्रीच्या पाठीवर डावा हात फिरवला. ती रवंथ करत होती.

"अमर."

"जी."

"पाडव्याला चंद्री कुणापुढं थांबलीती, तो चष्म्याचा पोरगा... ह्योच काय?"

दादानं अनेकांतकडं बघितलं. मग माझ्याकडं. लहानपणी मी विहिरीत पडले होते तेव्हा त्यानं उडी मारून मला केसांना धरून वर काढलं होतं. तसा बघत होता. रागानं की कशानं, तेव्हाही कळलं नव्हतं.

"व्हय आबा. ह्योच."

"आपसूक थांबलीती? कुणी अडवली न्हवती?"

दादानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आपसूक," तो म्हणाला.

 आबांनी कोनाड्यातला पितळी पेला काढला, डाव्या हातानं चरवीत बुडवला. दारातून बाहेर बघितलं. ऊन घरांच्या पत्र्यांवर तांबडं झालं होतं.

"घे," ते अनेकांतला म्हणाले. "दिवस मावळायच्या आत पी. मग तुला चालायचं न्हाय."

अनेकांतनं पेला दोन्ही हातांनी धरला. डोळे उघडे ठेवून प्याला. ओठांवर पांढऱ्या मिशा आल्या. मला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही रोखता आलं नाही.

"तुझ्या आईला घेऊन ये," आबा म्हणाले. "मी बी भितोय तिला, सांग. आणि अमर, राधानगरीला फोन लाव."

समोरच्या पायरीवरून चिमणाबाई ओरडल्या, "ओ हंबीरराव! तुम्ही आत न्हवता, मग आत कोन खोकत हुतं?"

अंजनाकाकू अजून यायच्या आहेत. मी रात्री पाणी गाळायची सवय करतेय. भीती गेलेली नाही. आता ती आमच्या दोघांची आहे.

पाडव्याला चौकात अमरदादाच्या गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. गाडीचा आवाज थांबला, म्हणून चंद्री थांबली.